चकली कुणाच्या घरची ते ओळखणारी बाई

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देता देता मी लिहून गेले की दिवाळीच्या सुट्टीत मला खाण्यापिण्याच्या रहस्यकथा वाचायला फार आवडतं. त्या 'कोझी' म्हणतात ना, त्या. छोटं गाव, सणाचे दिवस, कुणाची तरी बेकरी नाहीतर केटरिंगचा धंदा, एक खून, आणि तो शोधून काढणारी पोलीस नाही तर तीच बेकरीवाली बाई. एवढ्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ६३. सूनबाई नोकरी करते आणि रात्री झोपताना फोनवर असल्या गोष्टी वाचते. परवा शंकरपाळी कातताना तिने मला एक मराठीत करून सांगितली, नाताळच्या जेवणाच्या वेळी खून होतो ती. मी म्हटलं अगं सणासुदीचं काय हे अभद्र, पण खरं सांगते, शेवट ऐकल्याशिवाय मला झोप येईना. टीव्हीवर खुनाची बातमी लागली की मी चॅनल बदलते, मग हे कसं काय आवडलं? आणि दिवाळीच्या दिवसांत असलं वाचावं का?

उत्तर: काकू, दुसरा प्रश्न आधी घेते कारण त्याचं उत्तर तुमच्याच अंगणात आहे. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अंघोळ झाली की काय करतो आपण? तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच आत येऊन फराळाला बसतो. ते कारीट म्हणजे नरकासुर. म्हणजे आपली दिवाळी सुरूच होते ती एका वधाने, आधी कडू मग गोड, आणि लहान पोरंसुद्धा ते कारीट फोडायला भांडतात. त्या नाताळच्या गोष्टीत याहून वेगळं काय झालं? जे वाईट होतं ते सगळ्यांसमोर फुटलं आणि बाकीचे जेवायला बसले. तेव्हा अभद्र वगैरे मनात आणू नका, सूनबाईला सांगा पुढची गोष्ट काढ म्हणून.

आता आवडलं का ते. टीव्हीवरच्या बातमीत मेलेला माणूस खरा असतो, त्याच्या घरचे खरे रडत असतात, आणि कुणी केलं का केलं याचं उत्तर त्या दिवशी तर नाहीच पण कित्येकदा वर्षानुवर्षं मिळत नाही. ते बघून जीव घाबरा होतो आणि तसाच राहतो. कोझीमध्ये खून पडद्यामागे होतो, रक्त दिसत नाही, गेलेला माणूस बऱ्याचदा अख्ख्या गावाशी वाकड्यात गेलेला असतो, आणि शेवटच्या पानापर्यंत उत्तर मिळणार याची खात्री असते. अमेरिकेत या जातीच्या पुस्तकांना १९८९ पासून अगाथा नावाचं बक्षीस देतात, रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीच्या नावाने, त्यात उगाचची हिंसा चालत नाही आणि जिंकणाऱ्याला बक्षीस काय मिळतं तर चहाची किटली. मला ती किटली फार आवडते, कारण ही पुस्तकं कशी वाचायची ते तिच्यातच आलं.

आणि सण का, जेवणच का, तर वर्षातून एकदाच सगळे एका छपराखाली येतात म्हणून. ख्रिस्तीबाईंचं नाताळच्या पुडिंगवरून नाव दिलेलं एक पुस्तक १९६० साली आलं, त्याच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या लहानपणच्या नाताळाबद्दल लिहिलंय, मोठं थोरलं घर, आणि जेवणात एक भाजलेली टर्की, एक उकडलेली टर्की, वर बीफ, मग पुडिंग, मग आणखी काय काय. वाचताना मला आमच्या आजोळची पंगतच आठवली, पदार्थ वेगळे पण ती 'अजून घे, अजून घे' ची गडबड तीच. ते पुडिंग पण आदल्या दिवशी करायचं नसतं बरं का, नाताळच्या चार-पाच आठवडे आधीच्या एका ठरलेल्या रविवारी घरातला प्रत्येकजण पीठ ढवळतो आणि मनात काहीतरी इच्छा धरतो. आपली भाजणी जशी आधीच दळून येते तसं. म्हणजे खुनाच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरात गोष्ट सुरू झालेली असते.

पण काकू, मला विचाराल तर खरं कारण याच्याही खाली आहे, ताटात. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट येतं, वर क्रोशाचा रुमाल, आणि आपण काही न विचारता त्यातला लाडू तोंडात टाकतो. वर्षभर ज्यांच्याशी पाण्याच्या मोटरीवरून बोलणं बंद होतं त्यांच्याही घरचा. आणि ते ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून निदान मूठभर साखर घालून देतो. हा जो विश्वास आहे ना, तोंडात घास घालण्याचा, त्यालाच या गोष्टी हात लावतात. एकदा त्याला तडा जातो आणि मग पुढची दोनशे पानं तो परत जुळवण्यात जातात. म्हणून शेवट कळल्यावर हायसं वाटतं, झोप लागते.

आणि तो तडा गेलेला विश्वास जुळवतं कोण? माझी आई ताटावरचा रुमाल काढल्या काढल्या सांगायची, ही वरच्या मजल्यावरच्या वहिनींची चकली, धणे जास्त पडलेत, ही चाळीतल्या मावशींची, मोहन जास्त झालंय म्हणून काटा मोडलाय, आणि ही विकतची, हिला हात नाही कुणाचा. आम्ही हसायचो. हे ज्ञान आहे असं घरात कुणाला कधी वाटलं नाही, माझ्या वडलांना तर अजिबात नाही. या गोष्टींमध्ये तेच ज्ञान पुरावा होतं काकू. इन्स्पेक्टरला जे दिसत नाही ते चाळीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला वासावरून कळतं, आणि शेवटी सगळं गाव गप्प बसून तिचं ऐकतं. तुम्हाला झोप आली नाही ती खुन्यामुळे नसणार, त्या बाईमुळे असणार असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मी तासगावचा, बेदाण्याचा व्यवसाय आहे. लहानपणी बाबुराव अर्नाळकर पांघरुणात लपून वाचले. इंग्रजीत एवढं चालतं तर आपल्याकडे हे सणाचं आणि खाण्याचं रहस्य कुणी का लिहीत नाही?

उत्तर: दादा, गंमत म्हणजे सणाचं वाचन तर आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या डब्याशेजारी अंक ठेवायची सवय मराठी माणसाला लागली ती आजपर्यंत सुटली नाही. 'धनंजय'सारखे अंक तर रहस्यकथेसाठीच लोक वाट बघत घेतात. म्हणजे वाचक आहे, सण आहे, चकली एका हातात आणि अंक दुसऱ्या हातात आहे. फक्त चकली अंकाच्या आत गेली नाही.

अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड, सगळे मुंबईच्या रस्त्यावर मोटारीतून धावणारे गडी. त्याच्यावरच आपल्या दोन-तीन पिढ्या वाचायला शिकल्या, त्यांचं ऋण आहेच. पण त्या जगात स्वयंपाकघर म्हणजे चहा घेऊन येणाऱ्या बाईपुरतं. तिकडे अमेरिकेत रेक्स स्टाउट नावाच्या लेखकाने १९३८ सालीच मोठमोठ्या आचाऱ्यांच्या मेळाव्यात घडलेला खून लिहिला आणि पुस्तकाच्या शेवटी चक्क पाककृती छापल्या. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडच्या बायकांनी तो धागा उचलला आणि आता तर कुकीच्या नावाची, पायच्या नावाची रहस्यकथेची मालिकाच्या मालिका निघते, नाताळचा एक भाग हमखास.

आपल्याकडे मात्र मसाला त्यांच्यापेक्षा जास्त आहे हो. भाऊबीजच घ्या. बहिणी माहेरी आल्यात, ओवाळणी झाली, बासुंदी-पुरी झाली, आणि पाटाखालून भाऊ हक्कसोडपत्राचा कागद काढतो, ताई इथं फक्त सही कर. किती घरांत हे झालंय ते आपल्या जिल्ह्यात कुणालाही विचारा. त्यांच्याकडे बर्फ पडून रस्ता बंद होतो म्हणून माणसं एका घरात अडकतात, आपल्याकडे बर्फ लागत नाही, चार दिवस माहेरपणाला आलेली बहीण 'दिवाळी झाल्याशिवाय जायचं नाही' या एका वाक्यात अडकते. हे कुणीतरी लिहायला पाहिजे. तुम्ही स्वतःच का नाही लिहीत?

प्रश्न: हाय मॅम, मी मिरजेला बीएस्सी करते. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मला सांगलीत घडणारी अशीच एक गोष्ट लिहायचीय, दिवाळीतली. पण माझ्या गोष्टीत खाणं नुसतं टेबलावर पडून राहतंय, नुसतं वर्णन. त्याचा क्लू कसा करायचा?

उत्तर: तुझा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला की पेन घेऊन बसले आणि उठलेच नाही.

पहिली गोष्ट, पदार्थाची चव लिहू नकोस, पदार्थाचा वेळ लिही. अनारसे घे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून गोळा करून डब्यात ठेवायचा, तो मुरायला अजून चार-पाच दिवस, तेव्हा कुठे खसखशीवर थापून तुपात सोडायचे. आता तुझ्या गोष्टीतली एक बाई म्हणते, अहो मी कालच गावाहून आले, आल्या आल्या अनारसे केले, घ्या. इन्स्पेक्टर म्हणतो थँक्यू आणि खातो. पण शेजारची आजी खाता खाता थांबते. कारण जाळी सुंदर पडलीय, पीठ पूर्ण मुरलेलं आहे, म्हणजे ही बाई निदान आठवडाभर इथेच होती, नाहीतर पीठ दुसऱ्या कुणीतरी घातलंय, आणि ते कुणी घातलं हे ती लपवतेय. झाला क्लू. वाचकाने पण तोच अनारसा बघितला, त्याला पण संधी होती. हे फार महत्त्वाचं आहे, जे आजीला दिसलं ते वाचकाच्या डोळ्यासमोर आधीच ठेवायचं, शेवटी खिशातून काढायचं नाही. आणि पीठ बिघडलं तर अनारसा तुपात विरघळतो, त्याला आपल्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात, हा शब्द गोष्टीत जरूर वापर, दुसऱ्या कुठल्या भाषेत मिळायचा नाही.

तसंच करंजीचं. ओल्या नारळाची दोन दिवसांत वास मारते, सुक्या खोबऱ्याची पंधरा दिवस टिकते. मेलेल्या माणसाच्या घरी ओल्या नारळाची करंजी ताजी सापडली तर कुणीतरी एक-दोन दिवसांत येऊन गेलंय, भले सगळे म्हणोत की आठवड्यात कुणी फिरकलं नाही.

आता सांगलीचं. तू मिरजेत आहेस, हळदीचा वास तुला सांगायला नको. नवी हळद निघते ती साधारण संक्रांतीच्या पुढे, मार्केट यार्डात सौदे निघतात ते तेव्हा. म्हणून दिवाळीत कुणी व्यापारी तुझ्या गोष्टीत 'नव्या हळदीचा माल आलाय, तोच बघायला गेलो होतो' म्हणाला तर तो तिथे नव्हता. तासगावचा बेदाणा पण उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होतो, दिवाळीच्या लाडवात पडतो तो कोल्ड स्टोरेजमधला. कोल्ड स्टोरेजच्या गेटवर माल कधी आत गेला कधी बाहेर आला याची नोंद असते. बघ, एका बेदाण्यावरून तू गेटच्या रजिस्टरपर्यंत गेलीस.

आणि माझा सगळ्यात लाडका क्लू तुला देऊन टाकते, मी तो कधी लिहिला नाही. हळदीचा डाग. तुमच्याकडे लॅब आहे, करून बघ. पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पडला की पिवळा, त्याला कपड्याचा साबण लावला की लालभडक. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं ते याच कारणाने, अल्कली लागली की हळदीचा रंग फिरतो. आता फराळाच्या गडबडीत एका माणसाच्या सदऱ्यावर लाल डाग दिसतो, तो घाईघाईने मोरीत धुवत असतो, सगळे किंचाळतात, रक्त. पोलीस त्याला नेणार एवढ्यात आजी म्हणते, थांबा, लिंबू आणा. लिंबू पिळलं की तो डाग परत पिवळा. रक्त असं करत नाही. तो माणूस सुटला, पण आता दुसरा प्रश्न उभा राहिला, दिवाळीच्या सकाळी नव्या सदऱ्यावर एवढी हळद आली कुठून, हा हळदीच्या कोठारात काय करत होता?

तिथून त्याला हरिपूरला ने. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, बाटलीसारखी, वरून तोंड बारीक आत पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. 'पेव फुटलं' हा शब्द आपण रोज वापरतो तो असल्या पेवावरूनच आला. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, नंतर ती पद्धत मागे पडत गेली. बंद पेवात हवा कोंडते, प्राणवायू उरत नाही, म्हणून जाणती माणसं तोंड उघडून बराच वेळ थांबायची, आत दिवा सोडून बघायची, विझला तर उतरायची नाहीत. हे ज्याला माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही असे दोघे भाऊ एका पेवाच्या तोंडाशी उभे कर. जो माहीत असून गप्प बसला तो तुझा खुनी. रक्ताचा थेंब नाही, हत्यार नाही, फक्त एक वाक्य जे बोलायला हवं होतं आणि बोललं नाही.

एक विनंती, गोष्टीच्या मधेच कृती छापू नकोस, बरीच इंग्रजी पुस्तकं तसं करतात आणि ऐन रंगात आलेलं असताना दोन वाट्या मैदा घ्या म्हणून थांबवतात, मला ते मुळीच आवडत नाही. शेवटी छाप. छापून आली की मला पाठव, वाट बघते.

प्रश्न: विट्याहून लिहितोय. माझी मुलगी १२ वर्षांची, तिला मावशीने अशी पुस्तकं दिलीत. जेवणात विष वगैरे वाचून मुलांच्या डोक्यात भलतं काही जाणार नाही ना?

उत्तर: नाही, आणि त्याचं कारण सांगते. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं तयार करायचं काम करायच्या, विषांची माहिती त्यांना तिथे झाली, पण त्यांच्या गोष्टीत विष देणारा बहुतेक वेळा पकडला जातो. १८३६ साली जेम्स मार्श नावाच्या रसायनतज्ज्ञाने सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, ओळखायची परीक्षा शोधून काढली, त्याआधी तो सापडणं फार अवघड होतं. मुलीला हे सांगा, तिला त्यात विज्ञानाची गोडी लागेल. या पुस्तकांत खून शिकवत नाहीत, बारीक बघायला शिकवतात. पहिली दोन-तीन तुम्ही तिच्याबरोबर वाचा म्हणजे तुमच्याही मनातली शंका जाईल, आणि ती तुमच्या आधी खुनी ओळखेल, बघा.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा, सांगलीच्या गावभागात एकटा राहतो. मुलगा परदेशात. बायकोला जाऊन ३ वर्षं झाली, तेव्हापासून घरात फराळ होत नाही, मला डायबेटिस आहे त्यामुळे गोड तसंही बंद. लायब्ररीतून अशी पुस्तकं आणतो आणि गोष्ट सोडून आधी शेवटच्या पाककृतीच वाचतो, हळूहळू, दोनदा. कधी कधी रात्री अकराला लोण्याचं माप वाचत बसलेलो असतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: काका, अगदी बरोबर आहे. ती कृती म्हणजे कुणीतरी कुणासाठी तरी केलेली गोष्ट आहे, आधी हे घे मग ते घाल, जळू देऊ नकोस, थंड झाल्यावर भर. तुमच्या घरात असं कुणी बोलून ३ वर्षं झाली, म्हणून तुम्ही ते दोनदा वाचता. यात काही चुकीचं नाही, सोडू नका.

मला माझं एक सांगू द्या. आई गेली त्या वर्षी मी काहीच केलं नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मागच्या गल्लीतून एक ताट आलं, आमची त्यांची ओळख अगदी जुजबी. मी चकली मोडली आणि तोंडात घातली आणि मला खाली बसावं लागलं. ओवा हातावर चोळून घातलेला, तीळ आधी भाजलेले, आणि भाजणीत एक मूठ पोहे, हे तिसरं तर आमच्या आईशिवाय मी कुठे खाल्लंच नव्हतं. ताट परत द्यायला गेले तेव्हा विचारलं. त्या बाईंनी सांगितलं, पंधरा वर्षांपूर्वी नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा चक्कीवर भेटलेल्या एका आजींनी उभ्या उभ्या प्रमाण सांगितलं होतं, नाव काय त्यांना आठवत नव्हतं. पातेल्यावरचं नाव त्यांनी तेव्हा वाचलं होतं एवढंच, आणि ते आमचं आडनाव होतं.

काकू, म्हणजे तुमच्या पत्नी, इतकी वर्षं गावभागात राहिल्या म्हणजे त्यांनी कुणाला ना कुणाला काहीतरी शिकवलं असणारच. चक्कीवर, हळदीकुंकवात, जिन्यात. यंदा ताटं येतील ती नको म्हणून परत पाठवू नका. डॉक्टर जेवढं म्हणतील तेवढाच तुकडा, पण प्रत्येक ताटातली चकली एकदा मोडून बघा, चिवड्यातलं खोबरं कसं कापलंय ते बघा, तुम्हाला त्यांचा हात माहीत आहे, तुमच्याइतका तो दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. सापडला तर ताट रिकामं परत करू नका, साखर घाला, आणि कुठल्या घरचं निघालं ते मला नक्की लिहा.